मदत हवी आहे: जुन्या लॅपटॉपवर चालतील असे छोटे गेम सुचवा (भाच्यासाठी, बेळगाव-खानापूर)

उद्यमबागवाला:

नमस्कार मंडळी,

मी अनगोळला राहतो, उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सीएनसीवर आहे. गेममधलं माझं ज्ञान २००५-०६ च्या सायबर कॅफेपाशी संपतं. तासाला पंधरा रुपये देऊन सॅन अँड्रियास नाहीतर काउंटर स्ट्राइक, बास. म्हणून इथं विचारूलोय.

बहिणीचा मुलगा यंदा एसएसएलसी (दहावी) झाला आणि पीयूसीला (अकरावी-बारावीला) माझ्याकडं राहायला आलाय. शनिवारी दुपारी खानापूर तालुक्यातल्या आपल्या गावी जातो, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. मार्क चांगले पडले तर एक गेम घेऊन देतो, असा शब्द मी दिला होता. मार्क पडले. त्यानं नाव सांगितलं, रेड डेड रिडेम्प्शन २. यूट्यूबवर दुसऱ्याचं खेळणं बघून बघून घोड्याचं नाव काय ठेवायचं इथपर्यंत त्याचं ठरलंय. मी बघितलं तर डिस्कवर १५० जीबी जागा पाहिजे आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड पाहिजे.

आता आमची परिस्थिती ऐका. लॅपटॉप सेकंडहँड, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, वेगळं कार्ड नाही, जुनी फिरणारी हार्ड डिस्क, त्यात ६० जीबी मोकळी. बॅटरी मेलेली आहे, चार्जर काढला की दोन मिनिटांत मान टाकतो. विकणारा म्हणाला होता, "ह्याच्यावर सगळे गेम पळतात." पळतात म्हणजे आपल्यापासून लांब पळतात, हे नंतर कळलं.

गावात मोबाइलचा रोजचा दीड जीबीचा पॅक. १५० भागिले दीड, शंभर दिवस. मिरगाला डाउनलोडला लावलं तर नवरात्र तोंडावर येईल. शिवाय पावसात गावाकडं लाईट जाते, आणि गेली की कधी येईल ते विचारायचं नाही.

आणखी एक अडचण. दहावीपर्यंत मराठी मीडियम. इंग्रजी वाचतो, पण सावकाश. खालची अक्षरं याच्या वाचून होईपर्यंत पुढं गेलेली असतात.

कामावरच्या एका पोरानं सांगितलं, इंडी गेम बघा, थोड्या लोकांनी बनवलेले, लहान असतात, स्वस्त असतात. शोधलं तर पन्नास-पन्नासच्या याद्या. प्रत्येक गेम म्हणे खेळलाच पाहिजे. यातलं आमच्या लॅपटॉपवर काय चालेल ते कोण सांगणार? बजेट हजार रुपये. भाच्याची एकच अट, "मामा, शेतीचा गेम नको. शेती घरी हाय की."

तिसरं गेट:

अनगोळ वाचून थांबलो. मी मूळचा टिळकवाडीचा, सध्या पुण्यात.

हजार रुपयांत बरंच येतं, पण आधी एक विचारा त्याला. रेड डेडमधलं त्याला नेमकं काय पाहिजे? बंदूक, घोडा, गोष्ट, की नुसतं हिंडणं? १५० जीबीच्या गेमची ५०० एमबीतली नक्कल शोधू नका. अशा नकला असतात, आणि त्या खेळून पोराला वाटतं की मामानं गंडवलं. त्याला जे एक पाहिजे ते धरा, मग गेम सापडतो.

कुंद्याचा तुकडा:

जीटीए (तुमचा सॅन अँड्रियास त्याच मालिकेतला) मागत नाही हे नशीब समजा. जीटीएला छोटा पर्याय नाही. माझ्या भावासाठी वर्षभर शोधलाय.

दोरीवरचा:

कशाला ओ पैसे घालवता? कुठल्या पण गेमची कॉपी पेनड्राइव्हवर मिळते. लिंक पाठवू काय?

उद्यमबागवाला:

नको. मागं एकदा तसंच एक सॉफ्टवेअर टाकलं होतं. आठवडाभर स्क्रीनच्या कोपऱ्यात पत्ते पिसणारी बाई नाचत होती. ती काढायला जेवढे गेले तेवढ्यात दोन गेम आले असते.

@तिसरं गेट, रात्री जेवताना विचारलं. भाकरी मोडत बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "त्यात तो कुठं पण जातोय, मामा. कुठं चाललास म्हणून कुणी विचारत नाही." मी ताटात बघितलं. कारण तो घरातून निघाला की पहिला प्रश्न मीच विचारतो.

तिसरं गेट:

मग झालं की काम. बंदूकही नको, घोडाही नको, मोकळं रान पाहिजे.

पहिला घ्या अ शॉर्ट हाइक. २०१९ चा, मुख्यतः अॅडम रॉबिन्सन-यू या एकाच माणसाचा. क्लेअर नावाची एक पाखरू-पोरगी मावशीकडं डोंगरात सुट्टीला आलेली असते. तिला एका फोनची वाट बघायची आहे आणि तिथं रेंज नाही. रेंज मिळावी म्हणून डोंगराच्या टोकावर चढायचं. एवढाच गेम. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या पोराला हे समजावून सांगावं लागणार नाही, आमचा आतेभाऊ आजही फोन करायला टेकावर जातो. वाटेत मासे धरा, कुणाची हरवलेली वस्तू शोधा, वरून पंख पसरून खाली तरंगा, नाहीतर यातलं काही करू नका. कुणी हाकलत नाही. इंग्रजी आहे, पण सोपं, आणि बटण दाबेपर्यंत वाक्य हलत नाही. आकार पाव-अर्ध्या जीबीचा, सकाळच्या पॅकमध्ये उतरतो.

दोन तासांत संपतो, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर तोंड पाडून बसेल.

दुसरा होलो नाइट. २०१७, ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडची टीम चेरी, हाताच्या बोटांवर मोजावी इतकी माणसं. साधारण ९ जीबी, म्हणजे तुमच्या हिशेबानं सहा दिवस. जमिनीखालचं किड्यांचं पडीक राज्य. कुठं जायचं ते सांगत नाही, नकाशासुद्धा आयता देत नाही. नकाशे काढणारा एक किडा प्रत्येक भागात कुठंतरी बसलेला असतो. आधी जमिनीवर पडलेले कागद दिसतात, मग त्याचं गुणगुणणं ऐकू येतं, मग तो सापडतो. त्याच्याकडून नकाशा विकत घ्यायचा. मोठ्या कंपन्यांच्या गेममध्ये चारी बाजूंना बाण आणि खुणा असतात, इथं कान उघडे ठेवावे लागतात. अवघड आहे, राक्षस पुन्हा पुन्हा मारतात. पण सोळा वर्षांच्या पोराला ते चालतं, आपल्यालाच चालत नाही.

तुमच्या लॅपटॉपवर रेझोल्युशन ७२० वर ठेवा, व्यवस्थित चालेल.

चोर्ला घाट:

हिंडणं नाही पण गाड्या आवडत असतील तर होरायझन चेस टर्बो. हलका आहे, वाचायचं काही नाही.

वाचायचं काहीच नको असेल तर लिंबो, २०१०, डेन्मार्कच्या प्लेडेडचा. काळापांढरा, एक अक्षर बोलत नाही. कोळी मोठा आहे, रात्री एकट्याला देऊ नका.

निपाणीकर:

आपल्याकडचा पण सांगा की कोणीतरी. राजी, पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२०. भावाला शोधायला निघालेली मुलगी, आपले देव, आपले असुर.

तिसरं गेट:

राजी चांगला आहे, पण वेगळ्या कार्डाशिवाय धापा टाकेल. लॅपटॉप बदलाल तेव्हा.

चोर्ला घाट:

डेव्ह द डायव्हर पण इंडीच ना?

निपाणीकर:

तो बनवणारी मिंटरॉकेट ही नेक्सॉन या मोठ्या गेम कंपनीची. २०२३ मध्ये त्याला इंडी गेमच्या पुरस्काराच्या नामांकनात घातलं तेव्हा यावरूनच भांडण झालं होतं. इथं नको, मामांना गेम पाहिजे.

मामा, मी एक उलटा सल्ला देतो. पेपर्स, प्लीज घ्या. लुकास पोप या एका माणसानं बनवलेला, २०१३ चा. आकार १०० एमबीच्या आसपास, तुमच्या ऑफिसातल्या बिलाच्या कॉम्प्युटरवरसुद्धा चालेल. वर्ष १९८२, आर्स्टोट्झ्का नावाचा खोटा देश, आणि तुम्ही सीमेवरच्या खिडकीत बसलेले कारकून. समोर माणूस येतो, कागद टाकतो. फोटो जुळतो काय, तारीख उलटली काय, शहराचं नाव बरोबर हाय काय बघायचं आणि हिरवा नाहीतर लाल शिक्का मारायचा. एका माणसामागं पाच क्रेडिट मिळतात. पहिल्या दोन चुका माफ, मग दंड. संध्याकाळी त्या पैशात भाडं, जेवण आणि घर गरम ठेवणं, आणि घरात बायको, मुलगा, सासू, काका. एक नवरा कागद बरोबर असल्यानं आत जातो आणि जाता जाता सांगतो, मागं बायको आहे, जरा सांभाळून घ्या. बायकोकडं परवाना नसतो.

निपाणीच्या माणसाला हा गेम खेळायला जीभ दाताखाली धरावी लागते. २०२१ मध्ये कोल्हापूरहून परत येताना नाक्यावरच्या रांगेत मी आरटीपीसीआरचा कागद धरून उभा होतो. तारीख एका दिवसानं उलटली होती. खिडकीतल्या माणसानं माझ्याकडं न बघता कागद परत सरकवला. पेपर्स, प्लीजमध्ये मी पहिल्यांदा त्याच्या बाजूला बसलो. मागं रांग, घड्याळ पळतंय, आणि मीपण तोंड बघत नव्हतो, तारीख बघत होतो.

इंग्रजी हाय, पण कागदावरचं. सारखे तेच शब्द. सेटिंगमध्ये नग्नता बंद करायचं बटण आहे, ते आधी बंद करून मग पोराच्या हातात द्या.

अक्का खानापूर:

भाच्याला सोडा, मामांसाठी स्टारड्यू व्हॅली. शेतीचाच आहे, हसू नका. एरिक बॅरोन या एकट्या माणसानं साडेचार वर्षं घरी बसून चित्रं, संगीत, प्रोग्रॅमिंग सगळं केलं, मधे नाट्यगृहात लोकांना खुर्च्या दाखवायचं काम केलं. २०१६ मध्ये आला. डिसेंबर २०२४ पर्यंत ४ कोटी १० लाख प्रती खपल्या, आणि नवीन भर अजून फुकट देतो. पेनड्राइव्हवाल्या दादांनी हे दोनदा वाचावं.

लाईटचं म्हणाल तर गेम रात्री झोपल्यावरच सेव्ह होतो, पण त्यातला दिवस साधारण चौदा मिनिटांचा. लाईट गेली तर तेवढंच वाया. माझ्या मिस्टरांची तीन एकर भाताची आहे आणि रात्री ते यात कोबी लावतात. का, ते विचारलं तर म्हणतात, "इथं दर पडत नाही."

तिसरं गेट:

अक्कांना दंडवत.

खरेदीचं सांगायचं राहिलं. स्टीम म्हणजे गेमचं ऑनलाइन दुकान, तिथं खातं काढा, किमती रुपयांत दिसतात, यूपीआय चालतं. घाई नसेल तर सेलची वाट बघा. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. लॅपटॉपवर चालतो की नाही हे त्यातच कळतं. आणि अनगोळच्या वायफायवर उतरवून, एकदा चालू करून बघून, मग ऑफलाइन मोडमध्ये टाकून गावी पाठवा. शनिवारी रात्री रेंज नसताना स्टीम लॉगिन मागायला लागला तर मला शिव्या द्याल.

उद्यमबागवाला:

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी येऊलोय, शिफ्ट बदलली होती.

सेलमध्ये अ शॉर्ट हाइक, पेपर्स, प्लीज आणि स्टारड्यू घेतले. तिन्ही मिळून हजाराच्या आत बसले. होलो नाइट दिवाळीला.

अ शॉर्ट हाइक त्यानं गावी एका शनिवारात संपवला. सोमवारी आल्यावर म्हणाला, "एवढंच?" आधी सांगितलं होतं, तरीपण म्हणाला. बहीण मात्र फोनवर सांगत होती की रविवारी दुपारी लाईट आल्या आल्या परत उघडून बसला होता आणि टोकावर न जाता नुसता मासे धरत होता. घोड्याचा विषय अजून मिटलेला नाही. अधनंमधनं निघतो.

पेपर्स, प्लीजनं घरात गोंधळ घातला. एक म्हातारा येतो, त्याच्याकडं पासपोर्टच नाही. दुसऱ्यांदा येतो तेव्हा स्वतः खडूनं रंगवलेला पासपोर्ट घेऊन येतो, देशाचं नाव कोब्रास्तान. आम्ही दोघं एवढे हसलो की शेजारच्या काकू दार वाजवून गेल्या. त्याच्या नंतर तो निपाणीकरांनी सांगितलेला नवरा आणि त्याची बायको. भाचा लाल शिक्का हातात धरून माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं तुझा गेम हाय, तू ठरव. आत सोडलं तिला. पहिली चूक होती, दंड नाही बसला. तिसऱ्या चुकीला बसला. त्या संध्याकाळी घरात जेवण घ्यावं की घर गरम ठेवावं यावरून तो माझ्याशी अर्धा तास भांडला. "डिस्क्रिपन्सी" (म्हणजे तफावत) हा शब्द आता स्पेलिंगसकट येतो. परवा मी आणलेल्या वाण्याच्या बिलात त्यानं सापडवली, अकरा रुपयांची.

स्टारड्यूबद्दल अक्कांना काय सांगू. सरपंचानं पंधरा पार्सनिपचं बी दिलं. पार्सनिप म्हणजे काय ते अजून कळलं नाही, पांढरं गाजर दिसतंय. रोज रात्री दुसरी शिफ्ट संपवून आलो की दोन दिवस करतो. भाचा मागून जाता जाता म्हणतो, "मामा, पाणी राहिलं बघा त्या कोपऱ्यात."

आता शेवटचं विचारतो. तो गेम एकाच लॅपटॉपवर स्क्रीन दोन भागांत करून दोघांना खेळता येतो असं कळलं, त्याला कंट्रोलर लागतो. खडे बाजारात कुठं बरा मिळतो काय, की ऑनलाइनच मागवू? वायरवाला पाहिजे, बॅटरीवर चालणारा नको. शेतीचा गेम नको म्हणणाऱ्यानंच सांगितलंय.