कोकणकड्यासाठी अल्ट्रा-वाइड लेन्स कोणती घ्यावी?

डोंगरयात्री:
नमस्कार. माझ्याकडे कॅननचा २००डी कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. गेली चार वर्षे मी सह्याद्रीत भटकंती करताना निसर्गचित्रे काढत आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर मी तीनदा गेलो, परंतु १८ मिमीवर, म्हणजे त्या लेन्सच्या सर्वांत रुंद टोकालाही, त्या अर्धगोलाकार कड्याचा फार तर एक तुकडा चौकटीत येतो आणि घरी आल्यावर ती छायाचित्रे पाहून मन खट्टू होते. त्यामुळे आता अल्ट्रा-वाइड, म्हणजे याहून बरेच रुंद दृश्य टिपणारी लेन्स घेण्याचा विचार आहे. कॅननची १०-१८, कॅननचीच जुनी १०-२२ आणि टोकिनाची ११-१६ या तीन माझ्या नजरेसमोर आहेत. माझी भटकंती मुख्यतः पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत होते, आणि पाठीवरचे ओझे वाढू नये अशी इच्छा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कातळकडा:
तिन्हींपैकी कोणती, याचे उत्तर सोपे आहे आणि ते शेवटी देतो. पण त्याआधी, ज्या कारणासाठी तुम्ही ही लेन्स घेत आहात ते कारण मला तपासून पाहावेसे वाटते.

२००डीचा सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा (जुन्या ३५ मिमी फिल्मच्या आकाराच्या सेन्सरपेक्षा) लहान असल्याने त्यावरचे १० मिमी म्हणजे फुल-फ्रेमवरचे १६ मिमी होय. आडव्या चौकटीत १८ मिमीवर सुमारे ६४ अंशांचा प्रदेश दिसतो, तर १० मिमीवर सुमारे ९६ अंशांचा. म्हणजे कड्याचा बराच जास्त भाग आत येईल, हे खरे आहे. परंतु त्याच जागेवरून काढलेल्या चित्रात समोरचा कडा १८ मिमीच्या तुलनेत जेमतेम ५५ टक्के उंचीचा उमटेल. ज्या भव्यतेने तुमचा श्वास रोखला गेला, तीच भव्यता चौकटीच्या मध्यभागी एका बारीक पट्टीत आक्रसून जाते, आणि उरलेल्या जागेत रिकामे आकाश व पायाखालचा खडक पसरतो. माझी पहिल्या वर्षातली कोकणकड्याची जवळजवळ सगळी चित्रे याच कारणाने फसली आहेत.

अल्ट्रा-वाइड ही सगळे काही मावावे म्हणून वापरायची लेन्स आहे, हा समज मनातून काढून टाकावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. ती जवळच्या वस्तूची लेन्स आहे. कास पठारावर गुडघे टेकून, वाटेच्या कडेच्या तेरड्याच्या झुपक्यापासून हातभर अंतरावर कॅमेरा धरला, तर ती फुले चौकटीचा खालचा अर्धा भाग व्यापतात आणि त्यांच्यामागे पठार व ढग दूरवर पसरत जातात. हा परिणाम दुसऱ्या कोणत्याही लेन्सने तसा साधत नाही. १० मिमीवर एफ/८ (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितके लेन्सचे छिद्र लहान) ठेवून साधारण ६५ ते ७० सेंमी अंतरावर फोकस केल्यास सुमारे ३५ सेंमीपासून क्षितिजापर्यंत सर्व काही रेखीव येते. एफ/१६ किंवा एफ/२२पर्यंत जाण्याची गरज पडत नाही, आणि जाऊही नये, कारण २४ मेगापिक्सेलच्या या सेन्सरवर एफ/११च्या पुढे विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरत असल्याने, बारकावे मऊ पडू लागतात.

आता लेन्सविषयी. तुमच्या गरजेला १०-१८ घ्यावी. तिचे वजन २४० ग्रॅम आहे, १०-२२चे ३८५ ग्रॅम, आणि टोकिना तर अर्ध्या किलोहून जड आहे. शिवाय या तिघींत हाताची थरथर सावरून चित्र स्थिर ठेवणारी आयएसची सोय फक्त १०-१८मध्ये आहे. दाट धुक्यात, झाडीतल्या अंधारात तिपाई न उघडता काम भागते. तिचा माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला जोडणारा भाग, प्लास्टिकचा आहे म्हणून अनेक जण नाक मुरडतात, पण इतक्या हलक्या लेन्सला त्याने प्रत्यक्षात काही अडचण येत नाही. हूड, म्हणजे आडवा प्रकाश अडवणारे लेन्सपुढचे कडे, मात्र वेगळे विकत घ्यावे लागते, आणि ते जरूर घ्यावे.

सोनकी:
कातळकडा यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, पण टोकिनाच्या बाजूने एक मुद्दा मांडते. आपण पावसाळा संपल्यावर गडावर मुक्कामी राहून आकाशगंगा टिपणार असाल, तर एफ/२.८चे छिद्र फार मोलाचे ठरते. १०-१८ ही १० मिमीवर एफ/४.५पर्यंतच उघडते, म्हणजे तिच्यात टोकिनाच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी प्रकाश येतो, आणि ताऱ्यांच्या रेघा होऊ नयेत म्हणून शटर अर्ध्या मिनिटापलीकडे उघडे ठेवता येत नसल्याने आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) वाढवण्यावाचून पर्याय उरत नाही. दिवसा मात्र टोकिनात सूर्य चौकटीत आला की प्रकाशाचे डाग लवकर उमटतात.

पावसाळ्याविषयी थोडे. इतक्या रुंद लेन्सवर पाण्याचा एक थेंब पडला तरी तो चित्रात धुरकट ठिपका होऊन दिसतो, म्हणून मी दोन कोरडी मायक्रोफायबर फडकी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवते आणि प्रत्येक चित्राआधी काच पाहते. पोलरायझर फिल्टर ओल्या पानांवरची आणि कातळावरची चकाकी काढून हिरवा रंग गडद करतो. परंतु आकाश उघडे असेल तेव्हा १० मिमीवर तो काढून ठेवावा, कारण सूर्यापासून काटकोनात असलेला आकाशाचा पट्टाच तेवढा काळपट होतो आणि बाकीचे फिकट राहते.

डोंगरयात्री:
दोघांचेही मनापासून आभार. रात्रीची छायाचित्रे मी काढत नाही, त्यामुळे टोकिना बाद करतो. पण मग कोकणकड्याचे काय करावे? आणि सांधण दरीत मला हीच अडचण आली होती, तिथेही अल्ट्रा-वाइड निरुपयोगीच ठरेल का?

कातळकडा:
सांधणला ती अत्यंत उपयोगी ठरेल. तिथे दोन्ही बाजूंना कातळभिंती अंगाला भिडलेल्या असतात आणि मागे सरकायला जागाच नसते. शिवाय भिंती जवळ असल्याने लहानही दिसत नाहीत. सोबतच्या माणसाला मात्र चौकटीच्या अगदी कडेला उभे करू नये, तो उंचीच्या मानाने सुमारे दीडपट रुंद दिसतो.

कोकणकड्यासाठी तुमची आहे तीच १८-५५ वापरावी. कॅमेरा उभा धरून, १८ मिमीवर, डावीकडून उजवीकडे सहा-सात चित्रे घ्यावीत आणि प्रत्येकात आधीच्या चित्राचा तिसरा हिस्सा तरी पुन्हा यावा. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस हे तिन्ही हाताने ठरवून पक्के करावेत, नाहीतर जोडताना आकाशात पट्टे दिसतात. धुके वेगाने वर चढत असेल तर थांबावे, कारण दोन चित्रांच्या मध्ये ढगाचा आकार बदलतो. पुढे संगणकावर जोडताना दंडगोलाकार प्रक्षेपण (सॉफ्टवेअरमधला ‘सिलिंड्रिकल’ हा पर्याय) निवडावे. अशा चित्रात कड्याची उंची शाबूत राहते आणि त्याचा बाकही कळतो. इंद्रवज्र, म्हणजे समोरच्या धुक्यावर आपल्या सावलीभोवती उमटणारे रंगीत वलय, दिसलेच तर तेही १८-५५नेच टिपावे. ते काही अंशांचेच असते आणि १० मिमीवर टिकलीएवढे उरते.

आणखी एक गोष्ट, ती लेन्सहून महत्त्वाची आहे. अल्ट्रा-वाइडमधून पाहताना कड्याची धार प्रत्यक्षाहून दूर भासते आणि पाय नकळत पुढे सरकतो. डोळा कॅमेऱ्याला लावून एक पाऊलही टाकू नये.

सोनकी:
वापरलेली १०-१८ घेणार असाल तर दोन गोष्टी तपासाव्यात. मोबाइलचा दिवा मागून टाकून काचांच्या आत बुरशीचे जाळे आहे का ते पाहावे. कोकणपट्टीतल्या दमट हवेत राहिलेल्या लेन्समध्ये ते अनेकदा आढळते. नंतर विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा सरळ धरून १० मिमीवर एक चित्र घ्यावे आणि चारही कोपरे मोठे करून पाहावेत. चारही सारखेच किंचित मऊ असतील तर हरकत नाही, पण एकच बाजू धूसर असेल तर ती लेन्स पडलेली असण्याची शक्यता आहे आणि ती घेऊ नये.