शब्दचर्चा : पर्यावरण, परिस्थितिकी, परिसंस्था

प्रश्न (रत्नागिरीहून)

नमस्कार. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि यंदा इकॉलॉजीचा पेपर आहे. पुस्तकं इंग्रजीत, समजावणं मराठीत. मराठी लेख वाचायला घेतले तर एकाच विषयाला कुणी पर्यावरणशास्त्र म्हणतं, कुणी परिस्थितिकी, कुणी परिस्थितिविज्ञान. हे सगळं एकच का? समुदाय आणि परिसंस्था यांत फरक काय? आणि ‘निश’ला (niche) ‘कोनाडा’ म्हटलेलं वाचलं, ते काही पटलं नाही. कुणी उलगडून सांगेल का?

उत्तर (दापोलीहून)

आधी पर्यावरण वेगळं काढू. जिवाच्या भोवतीचं सगळं, म्हणजे हवा, पाणी, माती, ऊन, शेजारचे जीव, हे त्याचं पर्यावरण. ते शास्त्राचं नाव नव्हे. पर्यावरणशास्त्र म्हटलं की त्यात प्रदूषण, सांडपाणी, कायदे, ऊर्जा असं बरंच येतं. इकॉलॉजीचा प्रश्न त्याहून नेमका आहे : कोणता जीव कुठे आहे, किती आहे, आणि तिथेच नि तेवढाच का आहे? झाडं लावा, प्लॅस्टिक टाळा हे चांगलंच, पण ती इकॉलॉजी नव्हे. हा घोटाळा पदवीच्या वर्गातही सर्रास दिसतो.

इकॉलॉजी हे नाव जर्मन प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ साली दिलं. ग्रीक ‘ओइकोस’ म्हणजे घर. त्याला मराठी विश्वकोशात ‘परिस्थितिविज्ञान’ आहे, ‘परिस्थितिकी’ही रुळला आहे. उत्तरपत्रिकेत कोणताही एक धरा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. माझं मत विचाराल तर मी सरळ इकॉलॉजी लिहितो. आपल्याकडे ‘त्यांची परिस्थिती बेताची आहे’ म्हटलं की पैशाचाच विचार येतो आणि नवख्या वाचकाचं लक्ष तिकडे जातं.

आता समुदाय आणि परिसंस्था. हे खडपावर, म्हणजे समुद्रकाठच्या खडकांवर, उभं राहून समजून घ्यावं. ओहोटीला पाणी हटलं की खडकाला चिकटलेली कालवं (ऑयस्टर) दिसतात. त्या खडपावरची एकाच जातीची सगळी कालवं म्हणजे त्या जातीची जीवसंख्या. (लोकसंख्या हा शब्द माणसांपुरता ठेवलेला बरा.) कालवं, त्यांना भोक पाडून खाणारे शंख, फटीतल्या कुर्ल्या, हिरवं शेवाळ, ते खरवडणाऱ्या गोगलगायी, हे सगळे मिळून समुदाय. आणि समुदायात भरती-ओहोटी, पाण्याचा खारेपणा, खडकाचा ताप, लाटेचा मारा हे निर्जीव घटक धरले की परिसंस्था. समुदायाबद्दल विचारायचं ते कोण कुणाला खातं, कोण कुणाची जागा घेतं. परिसंस्थेत विचारायचं ते ऊर्जा कुठून येते नि कुठे जाते, नत्र-स्फुरद कसं फिरतं. एकच खडप, पण मोजायच्या गोष्टी निराळ्या.

कालवांचं उदाहरण मुद्दाम घेतलं. समुदाय ही कल्पना ज्यांनी ठाशीव केली ते कार्ल म्योबियस उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावरच्या कालवांचाच अभ्यास करत होते. कालवांचा एक थर म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या अनेक जातींची वस्ती, असं त्यांनी १८७७ साली मांडलं आणि तिला ‘बायोसिनोसिस’ असं नाव दिलं. ‘इकोसिस्टिम’ हा शब्द छापून आला तो १९३५ मध्ये, ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्स्ली यांच्या लेखात. तो अख्खा लेख वनस्पती-अभ्यासातल्या शब्दांच्या वापराबद्दल आणि गैरवापराबद्दलच आहे. शब्दांचा काटेकोरपणा या शास्त्रात किती महत्त्वाचा, हे त्यावरून कळावं.

‘निश’बद्दल तुमची शंका रास्त आहे. कोनाडा म्हटलं की भिंतीतली जागा डोळ्यांपुढे येते. जागेला आपल्याकडे ‘अधिवास’ आहेच. निशमध्ये येतं ते असं : तो जीव किती ताप, किती खारेपणा, किती वेळ कोरडं राहणं सोसतो, काय खातो, कुणाशी त्याची चढाओढ आहे. जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर बार्नेकलच्या दोन जातींवर केलेलं काम (१९६१) यासाठी वाचाच. बार्नेकल म्हणजे खडकाला, होडीच्या तळाला बसतात आणि अनवाणी पाय पडला तर कापतात ते. एक जात खडकाच्या वरच्या पट्ट्यात दिसे, दुसरी खालच्या. कॉनेल यांनी खालची जात खरवडून काढली, तर वरची जात खालीही छान वाढली. म्हणजे ती खाली जगू शकत होतीच, दुसरीच्या वाढीखाली ती चिरडली जात होती. उलट, खालच्या जातीला वरचा कोरडेपणा सोसत नव्हता. जीव ज्या ज्या स्थितीत जगू शकतो ते मूलभूत निश आणि चढाओढीनंतर त्याच्या वाट्याला उरतं ते वास्तव निश. शब्द ‘निश’च ठेवा, भाषांतराचा अट्टहास नको.

उत्तर (पेणहून)

सरांनी खडप घेतलं, मी खारेपाटातला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतला, तर माझी भर. परिसंस्था म्हणजे माणसाने हात न लावलेली जागा असं पुष्कळांना वाटतं. आमच्याकडे खाडीला मातीचा बांध, बांधाला उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं-अडवायचं दार. ओहोटीला उघाडीतून आतलं पाणी बाहेर, भरतीला खारं पाणी अडवायचं. पावसाने जमिनीतलं मीठ धुतलं की भात. ही परिसंस्था बांधानेच उभी आहे.

‘खाजण’ शब्द जपून वापरा. गोव्याकडे खाजण म्हणजे बांध घालून राखलेली शेती. आमच्या बाजूला खाडीकाठची भरतीचं पाणी शिरणारी जमीन, मग तिच्यात तिवरं (खारफुटीची झाडं) असोत नसोत. लेख लिहिताना कुठलं खाजण ते सांगावं, नाहीतर वाचणारा भलतंच समजतो.

पुन्हा प्रश्न (रत्नागिरीहून)

सर, दादा, दोघांचे आभार. दादा, बांधाला खांड पडली, म्हणजे तो फुटला, आणि कुणी बुजवली नाही तर शेतात तिवरं, चिपी अशी खारफुटी उगवते ना? त्याला अनुक्रमण, म्हणजे एका समुदायामागून दुसरा येत जाणं, म्हणायचं का?

उत्तर (पेणहून)

उगवते. रायगडात अशी शेतं पुष्कळ आहेत. पहिल्या भरत्यांनी भात जातं, मग चिखल साचतो, मग पाण्याबरोबर आलेलं बी धरतं. शास्त्राचं नाव सर सांगतील.

उत्तर (दापोलीहून)

हो, हे अनुक्रमणच, आणि दुय्यम. माती आधीपासून आहे, जुना समुदाय गेला आणि नवा येतो आहे, म्हणून दुय्यम. उघड्या कातळावर मातीच नसताना आधी दगडफूल, मग शेवाळ अशी सुरुवात होते ते प्राथमिक.

एक सावधगिरी. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ मध्ये अनुक्रमण ठरलेल्या पायऱ्यांनी एका चरम, म्हणजे शेवटच्या स्थिर, समुदायाकडेच जातं असं मांडलं. त्यांच्याच देशातले वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री ग्लीसन यांनी १९२६ मध्ये ते खोडून काढलं : प्रत्येक जात आपापल्या सोसण्यानुसार येते-जाते, पायऱ्या ठरलेल्या नसतात. टॅन्स्ली यांचा १९३५ चा लेखही क्लेमेंट्सच्या विचारांवर टीका करणाराच होता. म्हणून ‘शेताचं शेवटी तिवरांचं रान होतंच’ असं लिहू नका. किती पाणी शिरतं, किती वेळ थांबतं, आसपास बी देणारी झाडं आहेत का, यावर ते ठरतं. खांड पडलेलं आणि बुजवलेलं अशी दोन शेजारची शेतं मिळाली तर दोन्हीकडे चौरस आखून रोपं मोजा आणि मातीचा खारेपणा तपासा. प्रकल्पाला विषय तयार आहे.