सात टेबलांच्या ऑफिसने फोनसाठी दरमहा भाडं का भरावं?

तारायंत्र
नाशिकला आमचं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. सात टेबलं, दोन खोल्या, फायलींनी भरलेला एक पोटमाळा. गेल्या पावसाळ्यात जवळ वीज पडली तेव्हापासून जुना ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातले फोन एकमेकांना आणि बाहेर जोडणारा डबा, लहरी झाला होता. दोन नंबर फिरवला की पाचला रिंग जायची. नवा डबा घ्यायचा की माणशी दरमहा भाडं घेऊन इंटरनेटवरूनच एक्स्चेंज चालवून देणारी क्लाउड सेवा, यावर आमच्याकडे महिनाभर खल चालला. शेवटी मी तिसरीच वाट धरली.

कपाटावर पडलेला जुना डेस्कटॉप झाडूनपुसून घेतला आणि त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली व फ्रीपीबीएक्स 17 हे फोन एक्स्चेंज चालवणारं सॉफ्टवेअर टाकलं. त्याच्या पोटात काम करतं ते ॲस्टेरिस्क हे मूळ सॉफ्टवेअर. मार्क स्पेन्सरने 1999 मध्ये ते लिहायला घेतलं तेही आपल्यासारख्याच अडचणीतून. छोट्या धंद्याला फोन एक्स्चेंज हवं होतं आणि विकत घेणं परवडत नव्हतं. चार आयपी फोन (संगणकाच्या नेटवर्कवर चालणारे) जुन्या बाजारातून आणले, बाकीच्यांना मोबाइलवर ॲप दिलं. लँडलाइन एफएक्सओ गेटवेतून, म्हणजे टेलिफोनची लाइन नेटवर्कला जोडणाऱ्या डबीतून, जोडली. 'रिटर्नसाठी एक दाबा, नोटिशीसाठी दोन' हे आमच्या रिसेप्शनच्या ताईंच्याच आवाजात आहे. नोटीसवाले तिचा आवाज ऐकूनच निम्मे शांत होतात.

इंटरनेट पुरेल का, ही भीती फुकाची. जी.711 कोडेकवर (आवाज नेटवर्कवरून पाठवण्याची एक पद्धत) एका कॉलला प्रत्येक दिशेला 80 ते 90 केबीपीएस लागतात. सातही जण एकदम बोलले तरी एक एमबीपीएससुद्धा भरत नाही.

दरमहा भाडं भरणारे बरेच जण केवळ धास्तीने भरतात, असं माझं मत. बोला.

खडूस_काका
अभिनंदन. तुम्ही आठ दिवस कोकणात गेलात आणि फोन बंद पडला, तर बघणार कोण?

आमच्याकडे हेच झालं. मालकांच्या भाच्याने हौसेने सगळं बसवलं. वर्षभर उत्तम चाललं, सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. मग त्याला बंगळुरूला नोकरी लागली. त्यानंतर एका सकाळी फोन मुके. अडगळीतल्या त्या डब्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही, आणि भाचा मीटिंगमध्ये. दीड दिवस गिऱ्हाईक 'नंबर चालत नाही' म्हणून परत गेलं. ईपीएबीएक्सवाला माणूस स्कूटरवर येतो, पिशवीतून कार्ड काढतो, बदलतो, चहा पितो, जातो. त्याच्या जागी कोण येणार ते सांगा, मग भाड्याचं बोलू.

तारायंत्र
काका, दुखणं खरं आहे, पण तो दोष भाच्याचा, ॲस्टेरिस्कचा नाही. रोज रात्री बॅकअप निघून दुसऱ्या मशीनवर जातो. शिवाय क्लाउडवाल्यांचं तिकीट टाकून चोवीस तास वाट बघणारे मी पाहिले आहेत. त्यांच्याकडे तर स्कूटरही नाही.

वायरवाला
पोटापाण्याला हेच काम करतो, म्हणून दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं.

तारायंत्र, एक विचारतो. गिऱ्हाईकाने फोन ठेवल्यावरही तुमची लाइन मधूनमधून 'बिझी' राहते का? राहत असणार. साध्या लँडलाइनवर पलीकडच्याने फोन ठेवला हे गेटवेला बऱ्याचदा आपोआप कळत नाही. त्याला बिझी टोन ओळखून लाइन सोडावी लागते. डब्यातून निघाल्यावर बऱ्याच गेटवेंवर अमेरिकेचे टोन भरलेले असतात. तिथला बिझी टोन 480 आणि 620 हर्ट्झ मिळून, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद. आपला 400 हर्ट्झचा एकच सूर, पाऊण सेकंद चालू, पाऊण बंद. गेटवे भलत्याच सुराची वाट बघत बसतो आणि लाइन अडकून पडते. लोक मग टेलिफोन कंपनीला शिव्या घालतात. सेटिंगमध्ये देश बदला. ती सोय नसेल तर आकडे हाताने भरा.

दुसरी हमखास तक्रार म्हणजे 'आमचं त्यांना ऐकू जातं, त्यांचं आम्हाला येत नाही'. दहातल्या सात वेळा राउटरमधला सिप एएलजी, म्हणजे सिप या इंटरनेटवर कॉल जोडण्याच्या पद्धतीत राउटरने केलेली ढवळाढवळ, हा पर्याय बंद केला की आवाज येतो. मदतीसाठी दिलेली सोय आहे म्हणे. असो.

प्राजक्ता_डोंबिवली
चर्चा सेटिंगमध्ये हरवते आहे. माझा विरोध वेगळ्याच कारणाने आहे.

आमच्या आधीच्या ऑफिसात असंच घरगुती काम होतं. घरून काम करणाऱ्यांसाठी 5060 पोर्ट, म्हणजे सिपचे कॉल आत येण्याचं दार, इंटरनेटला उघडा ठेवलेला. एक्सटेन्शन 201, पासवर्डही 201. शनिवारी रात्री कुणीतरी आत शिरलं आणि सोमवारी सकाळपर्यंत आमच्या ट्रंकवरून (बाहेर कॉल नेणारी जोडणी) कधी नावही न ऐकलेल्या देशांना कॉल चालू होते. आगाऊ भरलेली सगळी रक्कम संपली म्हणून ते थांबलं, नाहीतर कुठवर गेलं असतं देव जाणे. असे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात, त्यांना तुमचं ऑफिस छोटं की मोठं याच्याशी देणंघेणं नाही. क्लाउडवाल्याकडे यावर नजर ठेवायला निदान कुणीतरी पगारी माणूस असतो. तारायंत्र, तुमच्याकडे शनिवारी रात्री कोण जागं असतं?

तारायंत्र
ताई, माझा पोर्ट बाहेर उघडा नाही. घरून बोलणारे दोघे वायरगार्डच्या व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या खाजगी बोगद्यातून येतात, पासवर्ड वीस अक्षरी आहेत, चुकीचा पासवर्ड वारंवार टाकणाऱ्याला अडवणारं फेल2बॅनही लावलंय. पण आयएसडी (परदेशी कॉल) मात्र बंद केलेलं नाही, हे तुमचं वाचून आत्ता लक्षात आलं. आमचा एकही अशील परदेशात नाही. उद्याच बंद करायला सांगतो.

गोदाकाठ
कायद्याचंही कुणीतरी बोला. ऑफिसच्या आत आयपी फोन खुशाल चालवा. बाहेर जोडताना मात्र नंबर परवानाधारक कंपनीचाच हवा, मग ती लँडलाइन असो की सिप ट्रंक. स्वस्तात मिळतो म्हणून जीएसएम गेटवे आणून त्यात सिमं खोचत बसू नका. इंटरनेटवरून आलेले परदेशी कॉल इथल्या सिमवरून पुढे सोडणारी जी अवैध एक्स्चेंज पोलीस पकडतात, त्यांचं सामान दिसायला असंच असतं. तुमचा तो धंदा नाही हे समजावता समजावता दिवस जाईल.

खडूस_काका
आणि विजेचं काय? जुन्या तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधून 48 व्होल्ट यायचे. एमएसईबीने दिवसभर अंधार केला तरी फोन चालू. आता फायबरचा डबा, राउटर, स्विच, तुमचा डेस्कटॉप, यांतलं काहीही एक गेलं की सगळं गेलं.

वायरवाला
यावर उपाय सोपा आहे. पीओई स्विच घ्या, म्हणजे फोनना वीज लॅनच्या वायरीतूनच मिळते. मग स्विच, राउटर आणि फायबरचा डबा एका यूपीएसवर टाकले की झालं. पण त्या यूपीएसवर डेस्कटॉप ठेवलात तर तो एकटाच बॅटरी खाईल. छोटी, कमी वीज घेणारी मशीन बघा. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक घेतलात तर एसडी कार्डऐवजी एसएसडी लावा, कार्डं रोजच्या लिहिण्याने मरतात.

काकांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून मिळालेलं नाही. बॅकअप निघतो हे ठीक, पण तो परत चढवायचा कसा हे ऑफिसात दुसऱ्या कुणाला येतं का?

तारायंत्र
नाही येत. रिसेप्शनच्या ताईंना एकदा दाखवलं होतं, त्या म्हणाल्या, 'लिहून द्या.' ते राहिलंच. रविवारी जुन्या हार्ड डिस्कवर पुन्हा पहिल्यापासून चढवायचं काम त्यांच्याच हातून करून घेतो, मी फक्त शेजारी बसेन. पायऱ्यांचा कागद आणि बंद लिफाफ्यात पासवर्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवतो. एक लिफाफा मालकांकडे. वायरवाले, टोनचं बरोबर निघालं. लाइन दिवसातून दोनदा अडकत होती आणि मी कंपनीत तक्रार नोंदवून बसलो होतो.

खडूस_काका
कागद चिकटवलात की फोटो टाका. आणि त्या आठवड्यात खरंच कोकणात जाऊन या, मोबाइल बंद ठेवून.