स्टेरॉइडनंतर पाय आणखी ढिले पडले तर

या चर्चेत एकांनी लिहिलंय की एमआरआयमध्ये मज्जारज्जूला सूज दिसली म्हणजे मायलायटिस (मज्जारज्जूचा दाह), स्टेरॉइडने उतरते. बहुतेकदा असेलही, पण पन्नाशीपुढच्या पुरुषात जरा थांबा, ती सूज ड्युरल फिस्टुला नावाच्या रक्तवाहिन्यांच्या दोषानेही येते. आमच्या मोठेबाबांचं (यवतमाळकडचं खेडं, कापसाचं वावर) असंच झालं. वावरात जाताना पाय जड व्हायचे, धुऱ्यावर (बांधावर) बसलं की बरं वाटायचं. दीड वर्ष कमरेच्या मणक्यांमधल्या गादीवर उपचार चालले, मग लघवी अडली. तालुक्याच्या ठिकाणी स्टेरॉइडची सलाइन लावली अन् दोन दिवसांत उभंही राहवेना.

निघाला ड्युरल फिस्टुला. मज्जारज्जूच्या आवरणात धमनी थेट शिरेला जुळते, शिरांमधला दाब वाढतो, रक्ताचा निचरा होत नाही अन् मज्जारज्जू सुजतो. स्टेरॉइडने अशा काही रुग्णांचं झपाट्याने बिघडतं, हे नोंदलेलं आहे. एमआरआयमध्ये सुजेसोबत मज्जारज्जूच्या मागे काळे नागमोडी ठिपके दिसतात का, हे रेडिओलॉजिस्टला मुद्दाम विचारा. सूज खाली अन् धमनी-शिरेचा जोड भलत्याच पातळीवर, असं सर्रास होतं. म्हणून मांडीतून नळी घालून एकेक धमनी तपासणारी अँजिओग्राफी लागते. ती नागपूरला झाली.

जोड ग्लूने (नळीतून सोडलेल्या वैद्यकीय गोंदाने) बुजवतात किंवा ऑपरेशन करून ती शीर बंद करतात. त्याच धमनीतून मज्जारज्जूलाही रक्त जात असेल तर ग्लू धोक्याचा. मोठेबाबांचं म्हणूनच ऑपरेशन झालं. आता काठी घेऊन धुऱ्यापर्यंत जातात, लघवीचं मात्र पूर्ण सुधारलं नाही.