हलकी व्हील्स घ्यायचीत, फोर्ज्ड की कार्बन? मदत हवी आहे

मंडळी, माझी सहाशे सीसीची स्पोर्ट बाईक आहे, पुढे 17 इंची, 3.5 इंच रुंद आणि मागे 5.5 इंच रुंद रिम, दोन्ही कंपनीची कास्ट (साच्यात ओतलेली). परवा टायर बदलताना मागचं चाक हातात उचललं आणि वाटलं, अरे एवढं वजन आपण प्रत्येक वळणाला आडवं पाडतो आणि परत उभं करतो! त्यातून हे फिरणारं वजन, तेही सस्पेन्शनच्या खालचं, म्हणजे इथला एक किलो टाकीवरच्या किलोपेक्षा कितीतरी जास्त जाणवतो.

ओझेड किंवा मार्केसिनी या कंपन्यांची फोर्ज्ड (दाबाखाली घडवलेली) अ‍ॅल्युमिनियम बघतोय. मॅग्नेशियम अजून हलकं पण रंगाचा टवका उडाला की खराब व्हायला लागतं आणि मी पावसातही चालवतो, त्यामुळे ते बाद. मन मात्र बीएसटी कंपनीच्या कार्बन फायबरच्या चाकांवर अडकलंय. खड्ड्यात आदळून अ‍ॅल्युमिनियम वाकलं तर निदान दिसतं तरी, कार्बनला आतून तडा गेला तर कळणार कसं? रोज वापरणाऱ्यांनी प्लीज सांगा.

आणि जुन्या डिस्क, एबीएसची रिंग, स्पेसर तसेच बसतात का, की बेअरिंगपासून सगळं नवीन घ्यावं लागतं? मागच्या कश ड्राइव्हच्या (चेनचे झटके झेलणाऱ्या हबमधल्या) रबरांचं काय करता? चाकं बदलल्यावर सस्पेन्शनचं रिबाउंड (दबल्यावर परत उघडण्याच्या वेगाचं सेटिंग) कोणी बदललं असेल तर किती क्लिक फिरवलंत तेही लिहा.