'व्यर्थ शब्द' म्हणजे नेमका कोणता शब्द?

प्रश्न

बायबलमधल्या मत्तय 12:36 मध्ये येशू सांगतो, की माणसं जो जो व्यर्थ शब्द बोलतील त्याचा हिशेब त्यांना न्यायाच्या दिवशी द्यावा लागेल. या वचनावर उपदेश झाला की रोख बहुधा चहाड्या, थट्टामस्करी आणि रिकामटेकड्या गप्पांवर असतो. 'व्यर्थ' म्हणजे वायफळ, एवढंच का? आणि चर्चमधले पाळक, वडीलमंडळी, संस्थाचालक यांना हे वचन काही वेगळं लागू होतं का?

उत्तर

आजच्या बोलण्यात 'व्यर्थ' आणि 'फालतू' जवळजवळ एक झालेत, म्हणून तो रोख. पण 'श्रम व्यर्थ गेले' म्हणताना आपण श्रमांना फालतू म्हणत नाही. ज्यासाठी केले ते झालं नाही, असं म्हणतो. व्यर्थ म्हणजे अर्थ निघून गेलेला, आणि संस्कृतातल्या 'अर्थ'मध्ये प्रयोजनही येतं. निरर्थक बोलणं कळत नाही. व्यर्थ बोलणं छान कळतं, त्यातून काही घडत नाही इतकंच.

मूळ ग्रीक शब्द 'आर्गॉस'. 'एर्गॉन' म्हणजे काम, त्याला नकाराचा 'अ' लागलेला. मत्तयाच्याच 20व्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी बाजारात रिकामे उभे असलेले मजूर पाहतो, तिथे त्या मजुरांना हेच विशेषण आहे. तेव्हा व्यर्थ शब्द म्हणजे बोलला गेला पण कामाला न लागलेला शब्द. चहाडी यात कितपत बसते याची मला शंकाच आहे. चहाडी फार कामसू असते.

पुढाऱ्याचं बोलणं इथे अडकतं. आजारी माणसाच्या घरच्यांना 'तुम्हाला प्रार्थनेत ठेवतो' म्हणायचं आणि दाराबाहेर पडताच विसरायचं. तक्रार घेऊन आलेल्या बाईला 'मी लक्ष घालतो' म्हणायचं. यात शिवी नाही, निंदा नाही, ऐकणाऱ्याला बरंही वाटतं. पण ती बाई त्या शब्दावर विसंबून घरी जाते आणि दुसऱ्या कोणाकडे दाद मागत नाही. हेच शब्द शेजारच्या माणसाने उच्चारले असते तर ती इतकी थांबली नसती. अधिकार असलेल्याचा रिकामा शब्द दुसऱ्याची वाट अडवून बसतो.

दुसरं उत्तर

व्युत्पत्ती मान्य, पण संदर्भ सोडून चालणार नाही. त्याच अध्यायात थोडं वर परूशी, म्हणजे तेव्हाचे कडवे यहुदी धर्मपुढारी, म्हणतात की येशू भुतं काढतो ती भुतांचा अधिपती बालजबूल याच्या साहाय्याने. त्यावरून हे बोलणं निघालंय, आणि 'सापाच्या पिलांनो' हे संबोधन दोनच वचनं आधी आहे. ऐकणारे धर्मपुढारीच होते. त्यांचा शब्द आळशी नव्हता, विषारी होता. 'व्यर्थ'ला केवळ न पाळलेल्या आश्वासनापुरतं आखडलंत तर निंदा करणारे सुटतील.

शिवाय दहा आज्ञांमध्येही 'व्यर्थ' आहे: परमेश्वराचं नाव व्यर्थ घेऊ नकोस (निर्गम 20:7). तिथला हिब्रू शब्द 'शाव्', म्हणजे पोकळ आणि खोटं, दोन्ही. अनुवाद 5:20 मध्ये खोट्या साक्षीसाठी हाच शब्द आलाय. आपण ही आज्ञा उठसूट 'देवा रे' म्हणण्यापुरती शिकवतो. मला विचाराल तर तिचा खरा भंग सभेत होतो, जेव्हा कार्यकारिणीत हरलेला ठराव कोणी 'प्रभूने मला दाखवलंय' म्हणून पुन्हा मांडतो. त्यावर बाकीच्यांनी बोलायचं काय? यिर्मया 23 वाचा; आपल्याच मनातलं बोलून त्यावर परमेश्वराचं नाव घालणाऱ्या संदेष्ट्यांवर त्या अध्यायाचा बराच मोठा भाग खर्ची पडलाय.

प्रश्नकर्ता

म्हणजे 'व्यर्थ'च्या एका टोकाला रिकामा आणि दुसऱ्या टोकाला खोटा? मग शलमोनाचा मुलगा राजा रहबाम याचं बोलणं कुठे बसवायचं? तो खोटं बोलला नाही, आणि त्याचा शब्द रिकामाही गेला नाही.

पहिलं उत्तर देणारा

परूशांच्या संदर्भाचा मुद्दा बिनतोड आहे. तरी मी म्हणेन, येशू तिथे लहानाकडून मोठ्याकडे नेतोय: रिकाम्या शब्दाचाही हिशेब आहे, तर तुमच्या या निंदेचं काय?

रहबाम 'व्यर्थ'मध्ये बसत नाही, आणि बसवूही नये. 1 राजे 12 मध्ये लोक त्याच्याकडे जू हलकं करा म्हणून येतात. तो तीन दिवस मागून घेतो. वृद्ध मंत्री सांगतात, आज यांचा सेवक हो आणि यांच्याशी चांगलं बोल. बरोबरीचे मित्र वेगळंच पढवतात, आणि तिसऱ्या दिवशी तो उत्तर देतो: बापाने तुम्हाला चाबकांनी मारलं, मी विंचवांनी मारीन. यावर कडी म्हणजे पुढे तो वेठबिगारीवरच्या अधिकाऱ्यालाच लोकांकडे पाठवतो. लोक त्या अधिकाऱ्याला दगडमार करून ठार करतात, राजा रथात बसून यरुशलेमला पळतो, आणि उत्तरेचे दहा वंश हातचे जातात. हा उद्दाम शब्द. त्याला मराठीत 'उर्मट' पुरेसा आहे. नोंद घेण्यासारखं एवढंच, की मंत्र्यांनी मागितलेलं चांगलं बोलणं सेवक होण्याला जोडलेलं होतं. नुसतं गोड बोलून वेळ मारून ने, असा तो सल्ला नव्हता.

तिसरं उत्तर

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग मागे पडतोय. पुढाऱ्यांना वेगळं माप आहे का? आहे, आणि तेही 'हिशेब' याच शब्दातून. इब्री 13:17 मध्ये पुढाऱ्यांबद्दल म्हटलंय की ते हिशेब द्यायचा आहे असं समजून तुमच्या जिवांची राखण करतात. ग्रीकमध्ये मत्तय 12:36 आणि इथे 'हिशेब देणे' ही एकच शब्दयोजना आहे. एरवी या वचनातला 'आज्ञेत राहा' हा पूर्वार्ध तेवढा ऐकवला जातो.

त्यात हिशेबासाठीचा ग्रीक शब्द 'लोगॉस', योहान 1:1 मध्ये ज्याचं भाषांतर 'शब्द' आहे तोच. मराठीत जवळ जायचं तर 'जाब' घ्या. तोही 'जवाब'वरूनच आलाय. बोललेल्या शब्दाचा जाब. याकोब 3:1 मध्ये शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल असं लिहिताना लेखक स्वतःला त्यात धरतो, 'तुमचा' म्हणत नाही.

भाषांतराचं विचाराल तर 'व्यर्थ' राहू द्यावा. 'पोकळ' त्याहून चांगला वाटतो, पण तो खोटेपणाकडे जास्त झुकतो. 'वायफळ' मात्र नको, त्याने सगळा भार गप्पा मारणाऱ्यांवर पडतो.