वायफाय कनेक्टेड, पण नेट नाही : आपापले उपाय इथं लिहा

सातारा-सांगलीकडं घरोघरी फायबर आल्यापासून ही तक्रार रोज कानावर येते. लॅपटॉपवर वायफाय 'कनेक्टेड' दिसतं आणि शेजारी 'नो इंटरनेट'. बरेच जण लगेच राउटरच्या मागच्या भोकात टाचणी घालतात. कृपया ते करू नका. कंपनीच्या माणसानं भरलेलं पीपीपीओईचं (कंपनीकडं लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन (कंपनीच्या लाइनचा) नंबर सगळं त्या रीसेटनं पुसलं जातं. 'कनेक्टेड' म्हणजे लॅपटॉप राउटरपर्यंत पोचला, एवढंच. पुढं कुठं तुटलंय ते आधी शोधायचं. जाणकारांनी लक्षण, कारण आणि उपाय नेमका लिहावा.

विश्रामबाग, सांगली
आधी त्याच वायफायवर मोबाइल लावा, पण मोबाइल डेटा बंद करून. नाहीतर फोन परस्पर डेटावर जातो आणि चाचणी फसते. मोबाइललाही नेट नसेल तर लॅपटॉपला हात लावू नका, दोष राउटरचा किंवा लाइनचा.

मोबाइलला असेल तर सीएमडी (विंडोजची आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा (आज्ञा अर्थात इंग्रजी अक्षरांत). 'आयपीकॉन्फिग' दिलं की 'डिफॉल्ट गेटवे', म्हणजे राउटरचा पत्ता, दिसतो, बहुधा १९२.१६८.१.१. आधी तो पिंग करा (उत्तर येतं का बघा), मग ८.८.८.८ (गूगलचा सर्व्हर), मग एखाद्या साइटचं नाव. ८.८.८.८ उत्तर देतो पण नावाला उत्तर नाही, तर दोष डीएनएसचा (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा). विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, वायफाय, हार्डवेअर प्रॉपर्टीज. तिथं डीएनएस मॅन्युअल करून ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा. नंतर 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस'.

कोरेगाव
लॅपटॉपचा आयपीच (नेटवर्कवरचा पत्ता) १६९.२५४ नं सुरू होत असेल तर?

सातारा, अभ्यासिकांच्या नेटवर्कचं काम
मग राउटरनं लॅपटॉपला पत्ता दिलेलाच नाही. विंडोजनं स्वतःच एक घेतलाय. 'आयपीकॉन्फिग /रिलीज', मग '/रिन्यू'. तरी तेच आलं तर राउटरचं डीएचसीपी (पत्ते वाटणाऱ्या सेटिंगचं) पान उघडा. अभ्यासिकेत हे फार होतं. पूल (वाटायचे पत्ते) १०० ते १४९, म्हणजे पत्ते ५०. प्रत्येक विद्यार्थ्याचा फोन आणि लॅपटॉप धरला तर २५ जणांत संपले. त्यात लीज (पत्ता राखून ठेवायची मुदत) २४ तासांची असेल तर सकाळची मुलं घरी गेली तरी त्यांचे पत्ते अडकलेलेच, आणि संध्याकाळच्या मुलांना 'नो इंटरनेट'. पूल २० ते २५० करा, लीज १२० मिनिटं. राउटर बंद-चालू केल्यावर तात्पुरतं सुटतं, म्हणून खरं कारण कुणी बघत नाही.

मार्केट यार्ड, सांगली
अडत दुकानांतला नेहमीचा प्रकार: टॅलीसाठी (हिशेबाचं सॉफ्टवेअर) लॅपटॉपला कायमचा आयपी भरलेला असतो, समजा १९२.१६८.०.५०. तोच लॅपटॉप घरी नेला की घरचा राउटर १९२.१६८.१ चा, गेटवे सापडतच नाही. यात १६९.२५४ दिसत नाही, म्हणून लोक चकतात. आयपी असाइनमेंट 'ऑटोमॅटिक' करा. दुकानात तोच पत्ता हवा असेल तर तो लॅपटॉपमध्ये न भरता राउटरच्या 'अॅड्रेस रिझर्व्हेशन'मध्ये त्या लॅपटॉपच्या मॅक नंबरावर (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) बांधा. मग दोन्हीकडं चालतं.

वाई
जुन्या घरांच्या जाड भिंतींमुळं माडीवर दुसरा राउटर लावतात आणि तोही १९२.१६८.१.१ वरच ठेवतात. मग लॅपटॉप कधी खऱ्या राउटरकडं जातो, कधी माडीवरच्याकडं, नेट येतं-जातं. केबल जोडण्याआधी दुसऱ्याचा आयपी १९२.१६८.१.२ करा, त्याचं डीएचसीपी बंद करा, आणि केबल त्याच्या वॅनमध्ये (बाहेरून नेट यायचं पोर्ट) न लावता लॅन (घरातल्या यंत्रांच्या) पोर्टात लावा. क्रम पाळा, आधी केबल जोडली तर सेटिंगचं पानच भलत्या राउटरचं उघडतं.

कराड, फायबर जोडणी
ओएनटीवर (फायबर जोडतात त्या डब्यावर) 'एलओएस' दिवा लाल असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. पावसाळ्यात फांदी पडून ड्रॉप केबल (खांबावरून घरात येणारी) तुटते, किंवा घरात कपाटामागं घट्ट वळते. वळणाची त्रिज्या ३ सेंटिमीटरपेक्षा कमी नको. हिरवा कनेक्टर तिरक्या टोकाचा, निळा सरळ टोकाचा. एकमेकांत घालू नका. ओएनटीच्या पानावर 'आरएक्स पॉवर' (येणाऱ्या प्रकाशाची ताकद) बघा: उणे २७ डीबीएमच्या खाली गेली तर लाइन टिकत नाही. तक्रार करताना 'नेट नाही' एवढंच न सांगता दिव्यांचा रंग आणि हा आकडा सांगा, योग्य माणूस येतो.

लाइट येऊन-जाऊन झाल्यावर दिवे हिरवे पण वॅन आयपी (कंपनीकडून मिळणारा पत्ता) ०.०.०.० असेल, तर जुनं पीपीपीओई सेशन सर्व्हरवर अडकलेलं असू शकतं. राउटर १० मिनिटं बंद ठेवा. लगेच चालू केलात तर पुन्हा तेच.

पाचगणी, लॉजचं वायफाय
विश्रामबागच्या दादांचा उपाय घरी उत्तम, पण हाताने भरलेला ८.८.८.८ लॉजवर आडवा येतो. लॉगिनचं पान उघडतच नाही. इथं डीएनएस पुन्हा ऑटोमॅटिक करा, व्हीपीएन बंद करा आणि ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम उघडा. पान समोर येतं.

मिरज, लॅपटॉप दुरुस्ती
पिंग सगळे जातात पण साइट उघडत नाहीत? आधी तारीख बघा. मागची तारीख असली की ब्राउझर सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र नाकारतो. दर वेळी तारीख मागं जात असेल तर बोर्डावरचा सेल बदला. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा सीआर२०३२ असतो. तारीख बरोबर असेल तर प्रॉक्सी (मधल्या सर्व्हरवरून नेट नेणारं) सेटिंग बंद आहे का बघा. काहीच लागू पडलं नाही तरच सीएमडी 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' उघडून 'नेटएसएच विनसॉक रीसेट' आणि 'नेटएसएच इंट आयपी रीसेट' द्या, मग रीस्टार्ट. दुसऱ्या आज्ञेनं हाताने भरलेला आयपी पुसला जातो, तेव्हा आधी लिहून ठेवा.